मे आय कम इन, सर?

बारामतीच्या कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचा मला आजही राग येतो. ते कधीच रिटायर झाले असतील. माझा राग झालेला नाही.

‘मे’, ‘कॅन’, ‘कुड’ हा त्यांचा आवडता धडा. परवानगी, कुवत, शक्यता. फळ्यावरचं अक्षर सुरेख होतं, ते मी नाकारत नाही. पण धड्याचा प्रयोग ते दारात करायचे, आमच्यावर. मी निरवांगीची, आणि वाटेत कळंबला चढणारी माझी मैत्रीण, दोघींना सकाळची एकच एसटी. गळिताचे दिवस, रस्ताभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या. एसटी वेळेवर पोचणार कशी? पहिला तास नेमका सरांचा. आम्ही दारात म्हणायचो, “मे आय कम इन, सर?” खडू न थांबवता ते म्हणायचे, “यू मे नॉट.” वर्ग खिदळायचा. आम्ही व्हरांड्यात आणि हजेरी पाण्यात.

हजेरी कमी भरली तर बोर्डाला बसू देणार नाही, हे सरांनी बजावलं होतं. पुढचं आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बजावलं होतं. “परीक्षा न्हाय तर कालेज न्हाय. मग लगीन.” मैत्रिणीच्या घरी तर स्थळ बघूनच ठेवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या शेतावर मळणी चालली होती. बारामतीचे नोकरदार वर्षाची ज्वारी थेट खळ्यावरून न्यायला यायचे. त्यात सर आले. आमचं खळं आई शेणानं सारवायची, आणि त्यावर पायताण घालून कुणी पाय ठेवायचा नाही, मग तो कोणी का असेना. आबांच्या चपला बाभळीखाली असायच्या. सर मात्र बुटांसकट सरळ राशीकडं निघाले.

“सर, पायताण तेवढं भायेर काढा,” आई म्हणाली.

“गप ए,” आबा खेकसले. “सर हायती. येऊ द्या.”

माझं डोकं फिरलं. हातातलं सूप खाली ठेवून मी आडवी उभी राहिले. “यू मे नॉट, सर.”

“काय म्हनली गं?” आबांनी विचारलं.

सर माझ्याकडं बघत खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागले. “काही नाही. इंग्रजी चांगलं आहे हो पोरीचं.”

आबा हरखले. पोतं त्यांनी स्वतः सरांच्या गाडीत चढवलं.

सोमवारी एसटीला पुन्हा उशीर. मी दारात तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “कम इन.” माझ्या शब्दानं की आबांच्या ज्वारीनं, देव जाणे. मी बाकाशी पोचले. मागून मैत्रिणीनं विचारलं, “मे आय कम इन, सर?”

“यू मे नॉट.”

“सर, आमची एसटी एकच हाय!” मी ओरडले. “मी आत, मग ती भायेर का?”

“आय कान्ट हेल्प इट,” सर म्हणाले आणि फळ्याकडं वळले. माझ्यावरचा राग त्यांनी तिच्यावर काढला. नीच माणूस. मला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून जिच्या बापाचं खळं त्यांनी बघितलं नव्हतं तिला धरलं. महिनाअखेरीस माझी हजेरी जेमतेम पुरली, तिची कमी भरली आणि तिचं कॉलेज संपलं. लग्नाची तारीख परीक्षेच्या आधीच निघाली.

कॉलेजची तोंडी परीक्षा सरांनीच घेतली. टेबलापलीकडून म्हणाले, “‘कुड’ वापरून एक वाक्य सांग.”

मी सांगितलं, “शी कुड हॅव पास्ड, सर.” ती पास होऊ शकली असती.

वाक्य बरोबर होतं. त्यांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.