एनिडची तिसरी घंटा

मंगळवारी ब्रॅमलोच्या बाजारात क्लिफर्ड चीज विकायला उभा राहायचा आणि त्याची बायको एनिड समोरच्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला चढायची. वर सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. तिसरा दोर एनिडचा. घंटांचा क्रम दर फेरीला बदलायचा, तरी क्लिफर्ड चीज कापता कापता, मानही न वळवता बोट वर करायचा, "ही आमची." टेकड्यांपलीकडच्या शेतांवर माल आणायला गेला, तरी मेंढ्यांच्या कुरणाशी गाडी थांबवून ऐकायचा. तिथूनही तिची घंटा त्याला अचूक ओळखू यायची. याचा त्याला भारी तोरा. बाजारवाले त्यावरून त्याची फिरकी घ्यायचे, पण बेट्याचं कधी चुकलं नाही हेही खरं.

फेब्रुवारीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि एनिड गेली. मनोऱ्याचा म्होरक्या डेस्मंडनं तिसरा दोर गुंडाळून ठेवला. "तू म्हणशील तेव्हा सोडू," म्हणाला. तेव्हापासून पाचच घंटा वाजत होत्या.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी परगावाहून घंटा वाजवणारी मंडळी बस करून आली. हे लोक हौशी. गावोगावचे मनोरे चढायचे, तिथल्या घंटा वाजवायच्या, मग पबमध्ये बसून जेवायचं, हीच त्यांची सहल. अशा पाहुण्यांना दोर नाकारायची रीत नाही. डेस्मंड बाजारात येऊन, टोपी काढून क्लिफर्डसमोर उभा राहिला.

"क्लिफ, सहा जण आलेत रे."

"मग?"

"तू नको म्हणालास तर सांगतो, तिसरा दोर खराब आहे."

"चर्चमध्ये उभा राहून थापा मारणार? सोड दोर. मलाही ऐकायचीय तिची घंटा."

मनापासून बोलला तो. एनिड गेली, पण तिचा आवाज तेवढा वर शिल्लक आहे, या एका आधारावर त्यानं आजवर दिवस ढकलले होते.

घंटा सुरू झाल्या. क्लिफर्डनं सुरी खाली ठेवली, डोळे मिटले. बोट उचललं, पुन्हा खाली घेतलं. ही? नाही. मग ती? सहाही घंटा एकसारख्या अंतरानं वाजत राहिल्या आणि थांबल्या. त्याला एनिडची घंटा सापडली नाही.

डेस्मंड खाली आला. "ऐकलीस ना?"

"कुठली होती रे ती?"

"आता काय सांगू? त्या दोरावरची बाई फार तयारीची. केसभरही चुकली नाही."

"एनिड चुकायची?"

"दर फेरीला. दोर ओढायला किंचित उशीर करायची. जन्मभर ओरडलो तिच्यावर. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. इतकी वर्षं घंटा ओळखतो म्हणून मिरवला, आणि ओळखत होता तो फक्त तिचा उशीर. तो उशीर तिच्याबरोबरच मातीत गेला होता.

"त्या बाईला सांग ना," क्लिफर्ड हळूच म्हणाला, "एकदा उशिरा ओढ म्हणावं."

डेस्मंडनं त्याच्या दंडाला धरलं. "ओढेल रे ती. पण तो एनिडचा उशीर नसेल."

क्लिफर्डनं मान हलवली. अंत्यविधीला तो रडला नव्हता. ती वर मनोऱ्यात आहे असंच त्याला वाटत होतं. आता चीजच्या फळीवर दोन्ही हात टेकून, गिऱ्हाइकं समोर उभी असताना, तो हुंदके देऊन रडू लागला.