रूथसाठी मी केलेली प्रार्थना

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच. पाळकसाहेब आजारी होते तेव्हा त्यांच्या उशाशी दोन तास बसून होते, तेव्हाही तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला लिहून सांगायला बसले आहे. मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले. कुठून सुरू करू?

सुरतेपासून करते. प्लेग येऊन गेला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आम्ही लिंबायतला राहायचो. बाबा कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाउसमध्ये फिटर होते, मूळचे नगरकडचे. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान होती, तीसेक घरं. प्रार्थनेला स्वतःचं देऊळ नव्हतं. एका शेठच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली भाड्यानं घेतली होती. खाली साड्यांची घडी आणि पॅकिंग चालायचं. ख्रिस्ती लोकांना खोली द्यायला कुणी पटकन तयार होत नसे. बाबा त्या शेठच्या ओळखीचे होते. त्यांनी शब्द दिला होता—शेठ, तुमच्या जागेला काही होणार नाही, मी आहे. त्या शब्दावर आम्हाला खोली मिळाली होती, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. दर रविवारी उपासनेआधी शब्बाथ शाळा घ्यायची. पंधरा-सोळा मुलं यायची, मला टीचर म्हणायची. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी—अशा मुलांना ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका, हे कसं समजावायचं? पुस्तकातलं वाचून दाखवलं की ती जांभया द्यायची. मग मी एक खेळ काढला. एकजण सोडून प्रत्येकानं आपली एक चूक चिठ्ठीवर लिहायची. कुणी लिहिलं, बहिणीला चिमटा काढला. कुणी, खोटं बोललो. सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत, पिशवीत वर चार विटा, आणि ती पिशवी एकानं उचलून खोलीला तीन फेऱ्या मारायच्या—ज्याची एकही चिठ्ठी आत नाही अशानं. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. तिसऱ्या फेरीला उचलणाऱ्याचा चेहरा लाल व्हायचा आणि मुलं आपोआप गप्प व्हायची. मग मी म्हणायची, बघा, चूक आपली, ओझं त्याचं. प्रभू येशूनं हेच केलं.

पाळकसाहेबांना खेळ फार आवडला होता. एकदा उपासनेत माझं नाव घेऊन त्यांनी कौतुक केलं. मी खाली मान घालून बसले होते, पण कान टवकारलेले होते—हेही खरंच सांगते.

पिशवी उचलायला बहुतेक वेळा रूथ पुढे यायची. रूथ दहा वर्षांची. जालन्याकडचे लोक, वडील लूमवर, आई घरी साड्यांना लेस लावायची. अंगानं काडी, पण पिशवी खाली ठेवायची नाही. एकदा फेऱ्या झाल्यावर तिनं मला विचारलं, "टीचर, ज्याची चूक असते त्याला कळतं का, आपली चूक दुसऱ्यानं घेतली ते?"

मी म्हटलं, "कळतं तर! कळल्यावर तो रडतो. आणि मग बदलतो."

किती पटकन उत्तर दिलं मी. विचारसुद्धा केला नाही.

त्या वर्षी नाताळच्या नाटकासाठी सहा देवदूत होते. बाबांनी आणलेल्या पांढऱ्या कटपीसचे मी सहा झगे शिवले. पाळकसाहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं—इथली वायरिंग जुनी आहे, इस्त्री-बिस्त्री काही लावू नकोस, घरून करून आण. मी हो म्हटलं होतं. पण घरी त्या दिवशी पाहुणे येणार होते, मला बघायला. आईनं सगळी खोली अडवून ठेवली होती, टेबलावर नवीन चादर. मग मी इस्त्री पिशवीत घातली आणि शनिवारी दुपारी तालमीला नेली. दहा मिनिटांचं काम, कुणाला कळणार?

तालीम चारला संपली. एका गाण्यात मुलं हातात मेणबत्त्या धरायची. त्या मी स्वतः विझवल्या, मोजून डब्यात ठेवल्या. हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी काय केलं ते तुम्हाला कळेल. मुलं गेली. रूथ मदतीला मागे राहिली. तिनं झगे हातात द्यायचे, मी इस्त्री फिरवायची. दोन झगे झाले आणि लाइट गेली. आम्ही वाट बघितली. पाच वाजता पाहुणे, आणि माझे केसही विंचरलेले नव्हते. मी म्हटलं, चल, बाकीचे उद्या सकाळी बघू. कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागले.

जिन्यात रूथ म्हणाली, "टीचर, इस्त्रीचं बटण?"

मी म्हटलं, "लाइटच नाही, बटण कसलं घेऊन बसलीस?"

मी पुढे निघूनही गेले.

आता तुम्हाला कळलंच असेल. सहाच्या सुमारास लाइट परत आली. साडेसहाला आमच्या घरी चहाचे कप फिरत होते तेव्हा पॅकिंगवाला एक माणूस धापा टाकत दारात आला. बाबा अनवाणी धावले. मी साडीचा सोगा धरून त्यांच्या मागे. आम्ही पोहोचलो तेव्हा खालच्या कामगारांनी कुलूप तोडून बादल्या ओतून आग विझवली होती. माणूस कुणी भाजलं नाही. पण चटया, पेटी, व्यासपीठ, झगे, एका बाजूची सगळी भिंत—आणि खाली पाणी उतरून साड्यांचे गठ्ठे भिजलेले. टॉर्चच्या उजेडात सगळे वर छताकडे, तुळईकडे बघत होते. मी खाली बघत होते. कोपऱ्यात, जळक्या कापडाच्या चिखलात, इस्त्री पडलेली होती. मी वाकले, ती उचलली आणि पदराखाली घेतली. कोमट होती. घरी जाताना खाडीवरच्या पुलाशी मी मागे रेंगाळले आणि ती पाण्यात टाकून दिली.

घाईत बटण राहिलं—ती एक चूक. ती कुणाच्याही हातून होते, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण वाकून इस्त्री उचलताना मला कसली घाई होती?

दुसऱ्या दिवशी उपासना इमारतीच्या मागच्या पटांगणात झाली. शेठ येऊन एवढंच म्हणाला होता, "हवे नहि चाले." आता चालणार नाही. खोली सोडायची. बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. माझे बाबा कुणापुढे हात जोडत नसत. मला वाटलं, आता सांगते, आत्ता सांगते. पण मी सांगितलं असतं तर ते हात कुणाच्या मुलीमुळे जोडले गेले हे सगळ्यांना कळलं असतं. पाहुण्यांकडून अजून निरोप यायचा होता. पाळकसाहेबांनी मनाई केलेली होती. अशी एकेक गोष्ट मी मनात पुढे ढकलत राहिले.

प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांनी मुलांना पुढे बसवलं. रागावले नाहीत. म्हणाले, मेणबत्तीशी कुणी खेळलं असेल तर सांगा, कुणी मारणार नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बेंजामिन नावाचा सहा वर्षांचा मुलगा नुसत्या भीतीनं रडायला लागला, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

तेव्हा रूथ उठली. "मी," ती म्हणाली. "सगळे गेल्यावर मी लावली. खिडकीजवळ. प्रॅक्टिस करायला."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मला त्या नजरेबद्दल फार काही सांगता येत नाही. तिच्यात दटावणी नव्हती, धमकी नव्हती. पिशवी उचलल्यावर पहिल्या फेरीला ती बघायची तसं बघितलं तिनं—टीचर, नीट धरलीय ना?

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "कुलूप तू लावलंस ना, बेटा? तुला दिसली नाही?"

माझ्या तोंडून आलं, "खिडकीकडे माझं लक्ष गेलं नाही."

एवढंच बोलले. सात शब्दांचंही वाक्य नव्हतं ते. नंतर किती रात्री मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं, त्यात शब्दशः खोटं काय होतं ते शोधत राहिले. सगळंच खोटं होतं.

रूथच्या आईनं पुढे येऊन तिला दोन थोबाडीत मारल्या आणि स्वतःच रडत खाली बसली. "माझ्या पोरीनं देवाचं घर जाळलं वो," असं म्हणत राहिली. बायकांनी तिला धरलं. पाळकसाहेबांनी रूथला गुडघे टेकायला सांगितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, आपण या लेकराला क्षमा करू या. आणि मग, चांगल्या मनानंच, म्हणाले, "तिची टीचर प्रार्थना करेल."

मी केली.

मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. प्रभू, या लहान लेकराला क्षमा कर, तिच्या हातून झालेली चूक धुऊन टाक, तिला खरं बोलण्याची हिंमत दिलीस म्हणून तुझे आभार. माझा आवाज भरून आला होता. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांबरोबर रूथही ‘आमेन’ म्हणाली.

त्यानंतर लोक मला म्हणाले, किती सुंदर प्रार्थना केलीस.

त्या आठवड्यात रूथ भेटली तेव्हा तिचा डावा हात सुजलेला होता. वडिलांनी मारलं होतं. गल्लीच्या तोंडाशी, नळाच्या रांगेत ती उभी होती. आजूबाजूला बघून तिनं हळूच विचारलं, "टीचर, मी बरोबर केलं ना?"

बघा, अजूनही वेळ होती. ती रांग, तो हंडा, ते पोर. मी तिला म्हणू शकत होते, नाही गं, चल, तुझ्या घरी जाऊ या.

मी म्हटलं, "हो. पण कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचं मोल जातं."

ती हसली. तिला ते पटलं. मीच शिकवलेलं होतं ना सगळं—कुठला धडा कुठे जोडायचा ते मला बरोबर ठाऊक होतं. देवाच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीचा मी माझ्या दाराला कडी म्हणून उपयोग केला. आणि ती लावून घेतली दहा वर्षांच्या मुलीकडून.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवलं तर मी पुन्हा स्वतःची बाजू घ्यायला लागेन. मंडळी वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या घरी जमत राहिली. बाबांनी त्या शेठच्या रस्त्यानं जाणं सोडलं. बारडोलीकडच्या मिशनच्या वसतिगृहात आमच्या मंडळीतून एका मुलीला घेणार होते. पाळकसाहेबांनी रूथचं नाव लिहिलेलं होतं. ते खोडून दुसऱ्या मुलीचं घातलं. त्या बैठकीत मीही होते. कुणीतरी म्हणालं, हुशार आहे, पण बेफिकीर आहे. मी हातातल्या वहीत बघत राहिले. जूनमध्ये रूथचं कुटुंब कामरेजला गेलं. शाळा सुटल्याचं नंतर कानावर आलं. आईबरोबर लेस लावते म्हणाले. पाहुण्यांनी होकार दिला, माझं लग्न झालं. मी आणखी अकरा वर्षं शब्बाथ शाळा घेतली. तो पिशवीचा खेळ तेवढा पुन्हा कधी घेतला नाही. मुलांनी मागितला तर म्हणायची, विटा जड होतात.

काही वर्षांपूर्वी कामरेजला एका नातलगाच्या अंत्यविधीला गेले होते. परत येताना चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. एक बाई समोर आली, कडेवर पोर, हाताला एक मुलगी. "सलाम, टीचर," म्हणाली. मी ओळखलं नाही असं दाखवलं. दोन-तीन क्षण तरी दाखवलं. मग तिनं नाव सांगितलं.

तिनं माझ्या घरच्यांची चौकशी केली. बाबा गेल्याचं ऐकून हळहळली. आग, मेणबत्ती, त्यातलं काहीच बोलली नाही. रिक्षा आली तेव्हा मुलीला पुढे करून म्हणाली, "सलाम कर. ह्या माझ्या टीचर. येशू मला ह्यांनी शिकवला."

मुलीनं सलाम केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कितवीत आहेस म्हणून विचारलं, आणि रिक्षात बसले.