गिटारचा मूळ रंग

कारखान्यात त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. फर्निचरला पॉलिश करायचं त्याचं काम, आणि आपण हात मारलेल्या टेबलात माणसाला स्वतःचा चेहरा दिसलाच पाहिजे अशी त्याची जिद्द. दिसला नाही तर टेबल जागचं हलत नसे, मग मालक कितीही आदळआपट करो. स्तुतीला भुलणारा होता, हे सांगून टाकलेलं बरं. कामचुकार मात्र नव्हता.

विशीपासून त्याला इलेक्ट्रिक गिटारचं वेड. घ्यायची ठरली ती पंचेचाळिशीत, तीही अटीवर. बायको घरी कपडे शिवायची. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला मधल्या दाराला पडदा लावलेला. चौकातल्या शिंप्यांच्या रांगेत एखादा गाळा रिकामा झाला की घ्यायचा, म्हणून तिने पैसे साठवले होते. तेच तिने काढून दिले.

“गाळा मिळेपर्यंतच हं,” ती म्हणाली. “मिळाला की विकायची. आणि घातलं तेवढं सगळं परत यायला हवं.”

“कमी आलं तर नाव बदलेन!”

“तुमचं खरं नाव आठवतंय कुणाला?”

मग आरसा दोन वर्षं थांबला. दर शनिवारी जुन्या वाद्यांच्या दुकानात जाऊन यायचा. तिथला चष्मेवाला म्हातारा एकच सांगायचा, “नवी दुकानाबाहेर पडली की तिचा भाव उतरला. थांबा. मूळ रंगातली जुनी येईल, तिचा भाव पडत नाही.” मेहुण्याने चिडवलं, “वाद्य घेताय की जमीन?” आरसा नुसता हसला.

शेवटी आली. फिकट पिवळी, कोपराशी रंग झिजलेला, पाठीवर कुणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाचे ओरखडेच ओरखडे. चष्मेवाला म्हणाला, “आहे तशी जपा.”

आरशाने जपली. इतकी, की हातात घेण्याआधी तो कमरेचा पट्टा काढून ठेवायचा. दहा मिनिटं तारा छेडायच्या, पुसायची आणि पेटीत ठेवायची. वाजवून झिजली तर? म्हणून शिकणंही अर्धवट राहिलं. पण पुसताना ते ओरखडे बोटांना लागायचे आणि त्याचे हात शिवशिवायचे. त्याच्या धंद्यात लाकूड जपणं म्हणजे पॉलिश करणं, दुसरा अर्थच नाही. वर त्याच्या मनाने घेतलं, चकचकीत झाली तर भाव वाढेल. बायकोने दिले त्यापेक्षा चार पैसे जास्तच तिच्या हातावर ठेवता येतील.

एका रविवारी त्याने ती खोलून घासली. पुढच्या महिनाभरात पॉलिशचे आठ हात दिले. शेवटचा हात बायकोने तिच्याकडच्या मऊ कापडाने स्वतः फिरवला. “अहो, माझा चेहरा दिसतोय!” ती म्हणाली. दोघंही इतकी खूश झाली, की वाईट वाटतं ते त्याचंच.

वर्षभराने गाळा रिकामा झाला. गाळेवाल्याने आठ दिवसांची मुदत दिली. आरसा गिटार घेऊन दुकानात गेला. चष्मेवाल्याने पेटी उघडली आणि तो खालीच बसला.

“हे कुणी केलं?”

“मीच,” आरसा छाती फुगवून म्हणाला.

“काम सुरेख आहे हो. पण जुना रंगच राहिला नाही, तर जुन्याचा भाव कोण देणार? निम्म्याहून कमीच येतील.”

“अहो, ओरखडे होते नुसते!”

“घेणाऱ्याला तेच हवे असतात.”

“मी दोन वर्षं थांबलो होतो!”

“घेईपर्यंत थांबलात,” म्हातारा हळूच म्हणाला.

आणखी दोन दुकानं झाली. तिथेही तेच. घरी येताना, दुकान बंद होतं असं सांगावं, हे त्याच्या मनात तीनदा येऊन गेलं. पण बायको गळ्यात टेप घालून बसली होती, समोर कागदावर गाळ्याचा आराखडा. मशीन इथे, कापायचं टेबल तिथे. त्याला खोटं बोलवेना. त्याने सगळं सांगितलं. “तुला जास्त मिळतील असं वाटलं गं,” तो म्हणाला.

तिने गळ्यातला टेप काढून ठेवला. “शेवटचा हात मीच फिरवला होता की,” म्हणाली, आणि पडद्याआड गेली. तिचं फोनवरचं बोलणं त्याला ऐकू आलं. “नाही, जमणार नाही. दुसऱ्याला द्या.”

बाहेर आली ती कागदाची घडी घालतच. “आता विकायची नाही ना? मग वाजवा तरी.”

सवयीने त्याचा हात पट्ट्याकडे गेला.

“राहू दे तो पट्टा. आता काय जपायचंय?”

त्याने गिटार मांडीवर घेतली. बकल पाठीवर करकरलं, तो आतून दचकला, पण थांबला नाही. त्याला एकच धून येत होती, तीही निम्मी. ती वाजवून झाली तशी पुन्हा पहिल्यापासून वाजवली. बायको खाली मान घालून मशीन चालवत राहिली.

दारावर थाप पडली. गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आलं होतं. आरसा गिटार घेऊन उठला, भिंतीला लागून उभा राहिला आणि बायकोला पडदा ओढायला जागा करून दिली.