पलटणीची अब्रू

लष्करी कोर्टात आरोपीला टोपी आणि पट्टा काढून उभं करतात. मला हे नवीन नव्हतं. सुभेदार होऊन निवृत्त झालोय मी. पण कॅम्पातल्या त्या खोलीत माझाच मुलगा तसा उघड्या डोक्यानं आत आला.

आरोप असा, की चकमकीनंतर हाती लागलेल्या, हात बांधलेल्या माणसाला त्यानं गोळी घातली. गोळी त्यानंच घातली होती. पण हुकूम त्याच्या कंपनी कमांडर साहेबांचा होता, हे त्यानं भेटीच्या वेळी मला आणि वकीलबाईंना सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "हे कोर्टात बोलू दे त्याला. सुटणार नाही, पण शिक्षा कमी होईल."

मीच आडवा आलो. "साहेबांचं नाव घ्यायचं नाही. दोन पिढ्या पलटणीचं मीठ खाल्लंय आपण. तिची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही."

"अहो सुभेदारसाहेब," बाई म्हणाल्या, "तुरुंगात पलटण जाणार नाहीये. मुलगा जाणार आहे."

मला असा संताप आला! हिला फौजेतलं काय कळतंय, म्हटलं. मोठा शहाणा मी.

साहेब साक्षीला आले. असा हुकूम दिलाच नाही म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मग कोर्टानं मुलाला विचारलं, हुकूम कुणाचा होता? त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"कुणाचाच नाही, साहेब," तो म्हणाला.

दहा वर्षं. वर बडतर्फी. आता येरवड्यात आहे. पलटणीतून साधा फोन नाही. मी केला तर कुणी उचलत नाही. अब्रू म्हणे! त्या मेलेल्या माणसालाही बाप असेल. त्यालाही खरं कधी कळणार नाही, तेही माझ्यामुळेच.

आमची ही अजून एकदाही भेटीला गेलेली नाही. बांधलेल्या माणसाला आपल्या मनानं मारणारा माझ्या पोटचा नाही, म्हणते. वारज्याच्या घरात आम्ही दोघंच असतो. रोज सकाळी चहा घेताना ठरवतो, आज हिला सांगायचं. कप विसळून ठेवतो आणि फिरायला निघून जातो.

परवाच्या भेटीत मुलगा म्हणाला, "बाबा, आईला तरी खरं सांगितलंत ना?"

"सांगितलं की," मी म्हणालो.

तो म्हणाला, "सगळं कळूनही येत नाही ती?"