बिल्ला उलटून पाहिला नाही

गोंदियात आमचं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं संमेलन भरलं, त्यासाठी गळ्यात घालायचा बिल्ला मी बनवला होता. सारस पक्ष्याच्या आकाराचा सर्किट बोर्ड, डोळ्यात लुकलुकणारा दिवा. त्याची सगळी ड्रॉइंगं मी इंटरनेटवर टाकली, सोबत खुला परवाना: कोणीही बनवा, बदला, विका, फक्त मूळ बनवणाऱ्याचं नाव ठेवा आणि तुमचे बदलही खुले करा. मंचावर छाती फुगवून बोललो, "आमच्या कोहळी समाजातल्या बापजाद्यांनी तलाव बांधले, पण पाणी साऱ्या गावाले देल्लं." टाळ्या पडल्या. जाम खुश झालो.

जेवणाच्या सुट्टीत प्लेट घेऊन हॉलच्या मागच्या टोकाला गेलो, तर काय! आमगावची एक प्राध्यापक बाई टेबल मांडून बसलेली, समोर नागझिरा अभयारण्यातले गाईड, आणि त्यांच्या गळ्यात माझा सारस. तिनं त्यात रेडिओ आणि बटण बसवलं होतं. जंगलात मोबाइलला रेंज नसते. कोणी अडचणीत सापडला की बटण दाबायचं, बाकीच्यांच्या बिल्ल्यांवर लाल दिवा लागतो. गाईड बिल्ले घ्यायलाच आले होते.

माझं डोकंच फिरलं. "चोरी करून राहिल्या का, बाई? मले विचारलं का?" सारा हॉल वळून पाहू लागला. "सर, आयकून तं घ्या," ती म्हणत होती. मी कशाला ऐकतोय! गाईडांमधल्या वडीलधाऱ्यानं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "चोरीचा माल आमाले नोको, बाई." बाकीच्यांनीही ठेवले आणि सगळे बाहेर जीपकडे निघाले.

तिनं एक बिल्ला उलटा करून माझ्यापुढे धरला. मागच्या बाजूला सगळ्यात वर माझं नाव. त्याखाली तिचं, आणि बदललेली ड्रॉइंगं कुठे मिळतील ते. मी घातलेली एकेक अट तिनं पाळली होती. खिडकीतून जीप दिसत होती, अजून फाटकातच होती. धावलो असतो तर थांबवता आली असती. पण सगळे माझ्याकडेच पाहून राहिले होते, म्हणून मी प्लेटमधला भात चिवडत उभा राहिलो. लाज वाटते लिहायला, पण तेच केलं.

हॉल रिकामा झाल्यावर तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "चुकलं माझं, बाई. माफ करा."

ती वायरी गुंडाळत होती. वर न पाहताच म्हणाली, "चोर म्हनलं तवा तं साऱ्याइसमोर ओरडले. आता कायले कानात सांगून राहिले?"