नखाएवढी साल

झाड जिवंत आहे का मेलं, हे पाहाले आमच्या धंद्यात मशीन लागत नाई. अंगठ्याचं नख लागते. फांदीची साल जराशी खरवडायची. खाली हिरवं, ओलं दिसलं तं जीव आहे. भुरकं, कोरडं दिसलं तं खेळ खतम. शेंड्यापासून सुरू करायचं अन् खाली खाली येत जायचं. मार्च ते दिवाळी मी बगिचातल्या झाडायचं काम करतो. छाटणी, आळे करणं, कलंडलेल्या झाडायले आधार बांधणं. दिवाळी झाली का ठेकेदार म्हणते, जा आता घरी. मंग होळीपर्यंत कारंज्याच्या एका ढाब्यावर रोट्या भाजतो.

वर्धेकडच्या ज्या बगिचात मी असतो, त्याच्या भिंतीले लागूनच मावशीचं घर. नात्यातली नाई, आम्ही सारेच तिले मावशी म्हणतो. सेवाग्रामले दवाखान्यात आया होती, रिटायर झाली, एकटीच राहते. एकुलता एक पोरगा पुण्याले कंपनीत होता, तो तिकडंच वारला. भन्तेजी येऊन त्याच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी तिनं बगिचाच्या कोपऱ्यात कडुनिंबाचं रोप लावलं. चार उन्हाळे तिनं घरून पाणी आणून ते जगवलं. झाड माह्या डोक्याच्या वर गेलं. सकाळी मी शिडी घेऊन आलो का ती भिंतीवरून "जय भीम, भाऊ" म्हणाची अन् लगेच पुढं, "माह्या पोराले पाह्य बरं एकदा." मी जाऊन पानं उलटसुलट करून पाहाचो, अन् "मस्त आहे तुमचा पोरगा" म्हणून सांगाचो. तेवढ्यानं तिचा दिवस बरा जात होता.

मंग बगिचात ओपन जिम आली. मशिनी बसवाची जागा निघाली तो नेमका तोच कोपरा. बगिचाचे साहेब म्हणाले, काढून टाका ते झाड. मावशी तशीच पिठाच्या हातानं धावत आली अन् खोड धरून उभी राह्यली. आता माह्या जिभेले हाड नाई. मी सगळ्यायसमोर बोलून गेलो, "रडता काऊन मावशी? मी उचलून दुसरीकडं लावून देतो. एक पान गळू देणार नाई." एक पान म्हणे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कडुनिंबाची मुख्य मुळी सरळ खाली जाते. असं झाड हलवाचं असन तं पावसाच्या दिवसात हलवतात, अन् त्याच्या कितीतरी आधीपासून एकेका बाजूची मुळं तोडत त्याले तयार करतात. हे मले ठाऊक होतं. पण मे महिना होता, मशिनी ट्रकमधून उतरल्या होत्या, साहेबाले घाई होती अन् मी शब्द देऊन बसलो होतो. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी आवळते का लोखंडी सब्बल वाजते नुसती. दोन दिवस खोदलं. मातीच्या गोळ्याले गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. तरी मुळी काही सुटेना. मावशी चहा मांडाले घरात गेली, अन् तेवढ्यात मी कुऱ्हाडीनं मुळी छाटून टाकली. एवढ्या झाडाले खाली वीतभर मुळी राह्यली. ती कप घेऊन आली तवा घावावर गोणपाट होतं.

"मुळं शाबूत आहे नं भाऊ?"

"हाव," म्हणलं मी, अन् चहा पेलो.

नळाजवळ नवा खड्डा करून झाड लावलं, आळं केलं, उन्हासाठी हिरवी जाळी बांधली. मावशी सकाळ-संध्याकाळ कॅननं पाणी घालत होती. दोन आठवड्यांनी काय पाहावं? खोडावर तांबूस कोवळे कोंब! मी तिच्या दारात जाऊन बोंबललो, "लागलं मावशी, झाड लागलं!" तिनं खीर केली. बगिचात झाडणाऱ्या बाया, चौकीदार, मी, सगळ्यायले तिनं हातानं वाढली. मले दोनदा वाढली.

आता खरं सांगतो. खोडात जे पाणी साठलं असते, त्याच्यावर झाड काही दिवस कोंब काढते. कापून टाकलेला ओंडकाही फुटते कधी कधी. त्याले काही झाड लागलं म्हणत नाई, अन् हे दहा जणायले शिकवणारा मी. पण त्या दिवशी मले ते आठवाचंच नव्हतं. आडातच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन? आषाढ लागाच्या आत कोंब करपले.

पाऊस सुरू झाला. बगिचातलं गवतसुद्धा माजलं होतं, अन् हे एकटं काडीसारखं उभं. एका सकाळी मी शेंड्यापासून खरवडत आलो. कोरडं. मधात, कोरडं. गुडघे टेकून जमिनीजवळची साल खरवडली. तिथंही भुरकं. मागं पाहतो तं मावशी छत्री घेऊन उभी. दुसऱ्या हातात कॅन. वरून पाणी पडून राह्यलं होतं, तरी तिनं कॅन भरून आणली होती.

"काय म्हणते पोरगा?"

नखातला भुसा मी पँटीले पुसला. "झोपलं आहे मावशी. हलवलं नं आपण त्याले, धक्का बसला. उठन."

"कवा?"

"वेळ लागते."

तिनं एक लांब श्वास सोडला. "झोपू दे मंग. झोपू दे बिचाऱ्याले."

बिना दोरीचा मी झाडाच्या शेंड्यावर जातो, लोक खालून पाहत राहतात. अन् एका म्हातारीले दोन शब्द खरे सांगता आले नाई. त्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं. रडली असती, दोन शिव्या देल्या असत्या. मी भित्रा निघालो, दुसरं काय!

पुढं मी त्या नळाकडं जाणंच सोडलं. ती भिंतीवरून आवाज दे तं मी उंच झाडावर चढून बसाचो. दिवाळी आली तवा आयुष्यात पहिल्यांदा मले सुटीचा आनंद झाला. कारंज्याले ट्रकवाल्यायच्या गर्दीत रोट्या भाजता भाजता मनात यायचं का एव्हाना तिले कळलं असन, कोणी तरी सांगितलं असन. दुसऱ्यानं सांगावं, असंच वाटत होतं मले.

कोणीच सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये आलो तं आळं ओलं होतं. जाळी फाटली होती, तिथं तिनं आपल्या लुगड्याचा तुकडा शिवला होता. पाण्यानं आळ्यात रानमाठ उगवला होता, तोही उपटला नव्हता. म्हणे, त्याले सोबत होते. अन् मावशी स्वतः निम्मी झाली होती.

चैत्रात सारे निंब फुलले. सकाळी जिमच्या मशिनीवर पाच-सहा जण हातपाय हलवत होते. मावशी कॅन घेऊन माह्याकडं आली. "भाऊ, साऱ्या गावाचे निंब फुलले. याले काऊन वेळ लागून राह्यला? खत देऊ का?"

मले काय झालं कोण जाणे. स्वतःची लाज वाटली का मले राग येते, अन् तो समोरच्यावर निघते. मी खेकसलो, "मेलं आहे ते मावशी! कवाचंच मेलं! कायले पाणी घालून राह्यल्या?"

मशिनीवरचे लोक थांबले. मावशीनं कॅन खाली ठेवली.

"कवा?"

"आषाढात."

"तुले आषाढातच ठाऊक होतं?"

मी मान डोलावली. वाटलं, आता चप्पल काढते. पण ती आळ्याच्या काठावर बसली. आवाज चढवला नाई.

"पोरगा तिकडं सकाळीच वारलता," ती म्हणाली. "मले फोनवर सांगितलं का तब्येत नरम आहे, येऊन जा. वर्धेच्या स्टेशनाबाहेर मी त्याच्यासाठी संत्री घेतली, पुण्याले गोड भेटत नाई म्हणून. माहा भाऊ संग होता. त्याले ठाऊक होतं. साऱ्या रस्त्यानं तो मले म्हणत होता, बरा होईन, बरा होईन. दारात पोचलो तं पोराले आंघोळ घालणं सुरू होतं. संत्री माह्या हातातच होती."

मी पायानं आळ्याची माती सारखी करत राह्यलो.

"त्या लोकायनं मले एका रस्त्याची आशा देली," ती म्हणाली. "तू सालभराची देली. काढ आता ते."

मी सब्बल आणाले वळलो. सब्बल लागलीच नाई. दोन्ही हातानं धरून हलवलं अन् ते निघून आलं. खाली मुळीच्या जागी कुऱ्हाडीचा सपाट घाव, मातीनं काळा पडलेला. तिनं तो पाह्यला. मंग कॅन उचलली अन् घरी गेली.

त्याले दोन उन्हाळे झाले. माफी मागाले मी तीनदा तिच्या दाराशी गेलो अन् तीनदा परत आलो. सकाळी ती अजूनही बगिचात फिराले येते. जय भीम साऱ्यायले घालते. मी ज्या झाडावर असतो, त्या झाडाखालून मात्र जात नाई. रस्ता सोडून गवतातून चक्कर मारून जाते. मी वरून पाहतो. खोकलून पाहतो, फांदी हलवून पाहतो. तिनं अजून एकदाही वर पाह्यलं नाई.