दुसरीच्या अंगचा गाऊन

मोबाइल पुढे धरला की ती तो मनगटानं बाजूला सारायची. बोटांना खडू लागलेला असायचा, म्हणून मनगटानं. मग मोबाइल धरणाऱ्या मुलीकडे पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघायची आणि म्हणायची, “नंबर सांगू नाका गो. मनीस सांग.”

मुलगी गोंधळायची. तिला वाटायचं, आपण गाऊनचं माप विचारायला आलोय आणि ही कुठल्या माणसाचं विचारतेय? मग मला माझ्या काउंटरवरून सांगावं लागायचं, की हा गाऊन आधी जिनं घातला ती कशी होती, ते मावशीला हवंय.

डिचोलीच्या बाजारात, बसस्टँडकडून वर येताना आमचे दोन गाळे एकाला एक लागून होते. एकात माझं झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्यात तिची शिलाई मशीन. माझं दुकान अजून आहे. तिचा गाळा दोन वर्षं बंद आहे. ती पुण्याला लेकीकडे असते. अजूनही एखादी मुलगी येते, बंद शटर बघते आणि मला विचारते, “मावशी केन्ना येतली?” मला माहीत नाही, असं सांगून सांगून मी कंटाळले. ती का गेली ते मात्र मला माहीत आहे, कारण ते माझ्यासमोरच घडलं.

आमच्याकडे लग्नाला शालू असतोच, पण संध्याकाळच्या रिसेप्शनला आता गाऊन लागतो. तीन तास घालायचा आणि जन्मभर कपाट अडवायचं. म्हणून शहाण्या मुली तो लग्न झालं की विकतात आणि त्याहून शहाण्या तो विकत घेतात. सगळा व्यवहार मोबाइलवर. विकणारी म्हापशाची, मडगावची, कधी बेळगावचीही. फोटोखाली लिहिलेलं असतं, नंबर अडतीस, एकदाच वापरलेला. आता ते अडतीस कुणाचं? एका कंपनीचं अडतीस दुसरीच्या चाळिसाला भारी पडतं. त्यात तो गाऊन पहिल्या मुलीच्या मापानं कुणीतरी आधीच दाबून घेतलेला.

“नंबर कारखान्यांत चिकटयतात,” मावशी म्हणायची. “आंग घरांत वाडटा.”

तिच्याकडे साधा फोन होता, त्यामुळे विकणारीला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. ती सांगायची, मी टाइप करायचे. घातलात तेव्हा पायांत काय होतं, चप्पल की उंच टाचा? खाली वाकून थोरांच्या पाया पडता आलं का? हात वर केलात तर बाही ओढत होती का? मडगावच्या एका बाईनं तर वैतागून उलट विचारलं, तुम्ही गाऊन घेताय की मला सून करून घेताय? मी ते वाचून दाखवलं. मावशी हसली नाही. म्हणाली, “तिका सांग, गाऊन उलटो करून फोटो धाड.”

ही तिची शेवटची परीक्षा. सगळे जण सुलट बाजूचे, चमकणाऱ्या टिकल्यांचे फोटो पाठवतात. हिला हवा उलट बाजूचा. शिवणीच्या आत किती कापड दाबून ठेवलंय, की शिंप्यानं कात्री चालवून टाकलीय, ते तिथंच दिसतं. आत कापड असेल तर गाऊन सैल करता येतो. नसेल तर हात जोडायचे. “ल्हान करूंक म्हाका येता,” ती म्हणायची, “व्हड करूंक कापड खंयसून हाडूं?” म्हणून तिचा सल्ला कायम एकच, एक नंबर मोठा घ्या.

पण लग्न ठरलेल्या मुलीला मोठा नंबर घ्या म्हणून बघा. पाळी गावातली एक मुलगी आली होती, बाप खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. मुलगी चांगली भरलेली आणि पसंत केलेला गाऊन हा एवढासा. म्हणाली, “मावशी, लग्नाक अजून तीन म्हयने आसात. हांव बारीक जातलें.”

“बारीक जातलें म्हणपी म्हाका आयज मेरेन शंबर मेळ्ळीं,” मावशी म्हणाली. “जाल्लें एकूय मेळूंक ना.”

तिनं चाळीस नंबरचाच घ्यायला लावला. लग्नाच्या सकाळी मुलगी घालून बघायला आली तर तोही काखेत लागत होता. मावशीनं तिला स्टुलावर बसवून माझ्याकडून चहा आणवला, आतल्या बाजूला जाऊन अर्धा इंच उसवला, परत टाके घातले आणि गाऊन तिच्या हातात देत म्हणाली, “बारीक जालें गो तूं. बघ आतां कसो बसता तो.” मुलगी नाचत गेली. मी मावशीकडे बघितलं, तर ती दुसऱ्याच कपड्याला दोरा ओवत होती.

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. दुसऱ्याचं सगळं जागच्या जागी बसवतात आणि स्वतःच्या पदराला पडलेलं भोक वर्षभर तसंच असतं. मावशीचा नवराही खाणीवरच होता. खाण बंद पडली तसा तो घरी बसला, आणि बसला तो बसलाच. एका पावसाळ्यात गेला. त्यानंतर एक मुलगी आणि एक मशीन, एवढंच तिचं घर. मुलगी शिकली आणि पुण्याला कंपनीत लागली. आईनं बाजारात पेढे वाटले. मग लग्नसराईमागून लग्नसराई दुसऱ्यांच्या मुली सजवत राहिली.

शेवटी शेवटी ती फार थकली होती. पाय सुजायचे. दुपारी मशीनवरच डोकं टेकायची आणि पाच मिनिटांत कुणी न उठवता उठायची. मी म्हणायचे, मावशे, घरी जाऊन आड पड. ती दोरीवर लटकणाऱ्या गाऊनांकडे हनुवटीनं दाखवायची. तिथं कायम आठ-दहा तरी असायचे. लोकांच्या आनंदाचंही ओझं होतं हो, ज्याला ते रोज उचलावं लागतं त्याला विचारा.

त्यातच तिच्या मुलीचं ठरलं. मुलगा आमोण्याचा, पण पुण्यातच नोकरीला, दोघांनी आपलं आपण जमवलेलं. मुलगी दीड वर्ष घरी आली नव्हती. सुट्टी नाही म्हणायची. माझ्या फोनवरून मायलेकी व्हिडिओवर बोलायच्या, तेव्हा पडद्यावर नुसता चेहरा दिसायचा, तोही हलणारा. रजाही कशीबशी मिळाली होती. लग्नाच्या आधी फक्त चार दिवस.

तेव्हा गाऊन मुलगी नसतानाच घ्यायला हवा होता. म्हापशाला एक फिकट गुलाबी, खांद्यावर आणि दोन्ही बाजूंना बारीक जरीकाम असलेला सापडला. मी फोन लावून दिला. पलीकडून मुलगी म्हणाली, “आई, छाती छत्तीस, कंबर तीस. हांगा एकीकडेन मेजून घेतलां.” मावशीनं ते आकडे दोनदा म्हटले आणि मला म्हणाली, “घेवंया तर.”

मला हसू आलं. “मावशे, नंबर? आनी मनीस?”

“म्हजेंच चेडूं तें गो,” ती म्हणाली. “तें कशें आसा तें म्हाका दुसऱ्यान सांगूंक जाय?”

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच नंबरावर गेली. दमली होती, हे एक. आणि छत्तीस म्हणजे मुलगी घरातून गेली तेव्हाचंच माप, तेव्हा शंका यायचं कारणही नव्हतं. उलट तिला बरंच वाटलं असणार. पोर होती तशीच आहे म्हणून.

मुलगी आली ती भर दुपारी, उकाड्यात, अंगात जाड जाकीट घालून. एसी बसमध्ये थंडी वाजली म्हणाली. बॅगा घरी टाकून दोघी तशाच दुकानात आल्या. मावशी खुशीत होती. कुणाचं माप घेताना आकडे मोठ्यानं सांगायचे आणि मी ते वहीत उतरवायचे, असा आमचा शिरस्ता. मी वही काढली.

“काड तें आंगावयलें,” ती मुलीला म्हणाली.

मुलीनं जाकीट काढलं. मी वहीत नाव लिहीत होते, मान वर केली आणि पेन तसंच राहिलं. मावशी पाठीमागे होती, तिनं आधी खांदा घेतला. “खांदो तेरा,” ती म्हणाली. मग टेप छातीभोवती घेतली. टेप सोडली, परत घेतली, बोट घालून बघितलं. मी बसले होते तिथून मला आकडा दिसत होता. एकतीस.

“बरोवूं?” मी वहीवर पेन टेकवत विचारलं.

“बरोवूं नाका,” ती म्हणाली.

मग ती मुलीसमोर येऊन उभी राहिली. मुलगी फरशीकडे बघत होती.

“छत्तीस म्हणून सांगलें तूंवें म्हाका.”

“खरें सांगिल्ल्यार तूं दुसऱ्या दिसा थंय पावतली आसली.”

“जेवण?”

“डबो लायला मगो.”

“कितले डबे?”

मुलगी म्हणाली, “खोलीत आमी दोगी. एक डबो. दोगींनी मेळून.”

आठवड्यात दोन वेळा ड्यूटी बदलत होती, झोप नव्हती, लग्नासाठी थोडं मागे टाकायचं होतं, हे सगळं ती मग सांगत राहिली. मावशी ऐकत होती की नाही कोण जाणे. ती टेप गुंडाळत होती, परत सोडत होती, परत गुंडाळत होती. शंभर मुली मापायला उभ्या राहिल्या, प्रत्येकीचं अंग या बाईनं नुसत्या नजरेनं ओळखलं. स्वतःच्या मुलीचं तिला टेपनं सांगावं लागलं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी झेरॉक्सला कुणी आलंय असं दाखवून माझ्या काउंटरवर गेले.

चार दिवस ती तो गाऊन घेऊन बसली. पाच इंच कमी करायचे म्हणजे खेळ नाही. जरीकाम शिवणीत जातं, खांदे उतरतात. साधा उपाय म्हणजे बाजू कापून नव्यानं जोडायच्या. मी तसं म्हटलंही, की एकदाच तर घालायचाय, कापून टाक नि मोकळी हो. तिनं कात्री माझ्यासमोर उचलून खणात ठेवली.

“एक इंच कापची ना हांव.”

सगळं कापड तिनं आत घेतलं. घडीवर घडी, बारीक हातशिलाई, कापडाचा एक दोराही वाया न घालवता. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये, आणि आतून मात्र जरीचे पाच इंच मुलीच्या बरगड्यांना लागलेले. मुलगी घालून बघताना म्हणाली, “आई, टोचता गो.”

“टोचूं दी,” मावशी म्हणाली. एवढी कठोर मी तिला कधी बघितली नव्हती. रागावली होती ती. मुलीवर नव्हे हे उघड होतं, पण मुलीशिवाय समोर दुसरं कुणी नव्हतं.

रिसेप्शनला हॉल भरला होता. गाऊन असा बसला होता, की बायका मुद्दाम जवळ जाऊन हात लावून बघत होत्या. कुठून आणला, कितीचा, असं मलाच चार-पाच जणींनी विचारलं. मावशी कुठे दिसेना. मला वाटलं, दमून मागे कुठेतरी टेकली असेल. स्टेजवर नवरा-नवरी दीड तास उभे होते आणि समोर पाकिटं घेऊन आलेल्यांची रांग पार दारापर्यंत गेलेली. नवरीनं सकाळपासून काही खाल्लं असेल तर शपथ. आपल्याकडे सगळे जेवतात आणि जिचं लग्न ती उपाशी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेवढ्यात मावशी जेवणाच्या बाजूनं आली. हातात ताट. वरणभात कालवलेला, बाजूला भाज्यांचं खतखतें, वाटीत हरभऱ्याच्या डाळीचं गोड मणगणें. रांगेतून वाट काढत ती थेट स्टेजवर चढली. फोटोवाला हातानं बाजूला व्हायची खूण करत म्हणाला, “मावशी, मात्शें कुशीक.” तिनं त्याला मनगटानं बाजूला सारलं. रांगेत सर्वांत पुढे मुलाच्या ऑफिसातले साहेब होते. त्यांना म्हणाली, “पांच मिन्टां रावात.” आणि मुलीला खुर्चीत बसवून, सगळ्या हॉलसमोर, तिला घास भरवू लागली.

मुलगी लाजली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग लाजायचं विसरली आणि नुसती जेवू लागली, भराभर, लहान मुलं खेळून आल्यावर जेवतात तशी. साहेब पाकीट हातात धरून उभे. जावई पाण्याचा पेला धरून उभा. मी पुढे जाऊन स्टेजच्या पायरीशी उभी राहिले होते. मावशी घासामागून घास देत होती. वरणभात संपला तशी तिनं मणगण्याची वाटी उचलली.

“पुरो गो आई,” मुलगी तोंडातला घास गिळत म्हणाली. तिनं दोन्ही हात बरगड्यांवर ठेवले होते. “गाऊन घट्ट जातलो आतां.”

“जाऊं दी,” मावशी म्हणाली. “भितर कापड आसा.”

आणि तिनं वाटी पुढे केली.